कलासंग्रहालय आणि लोकसहभाग

कलासंग्रहालयातील वस्तूंशी सर्वसामान्य जनतेचा परिचय घडवून आणण्यासाठी आणि तो टिकविण्यासाठी संग्रहालयातर्फे स्पर्धा, समारोह, प्रात्यक्षिके, मार्गदर्शित फेऱ्या, फिरती प्रदर्शने इ. उपक्रम योजण्यात येतात. संग्रह, जतन, संशोधन व प्रदर्शन ही संग्रहालयाची परंपरागत कार्ये होत. विसाव्या शतकात त्यांत लोकशिक्षणाची भर पडली आणि आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०२२ साली प्राग येथे स्वीकारलेल्या व्याख्येत लोकसमूहांच्या सहभागाचा स्पष्ट उल्लेख करण्यात आला. याच परिषदेच्या पुढाकाराने १९७७ पासून १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन म्हणून पाळला जातो. भारतात १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन आणि १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह ही अशा उपक्रमांची आणखी दोन निमित्ते होत. या ठराविक दिवशी शाळांच्या रांगा, चित्रकला व निबंध स्पर्धा आणि पारितोषिक वितरण यांनी संग्रहालयाचे आवार गजबजते. एरवी मात्र पुष्कळशी लहान संग्रहालये ओस असतात. उपक्रमासाठी आलेला माणूस प्रत्यक्ष वस्तूपुढे किती वेळ थांबला आणि पुढे आपण होऊन पुन्हा आला की नाही, यावरच त्या उपक्रमाचे मोल ठरते. केवळ उपस्थितीच्या आकड्यावरून ते ठरविता येत नाही. प्रस्तुत नोंदीत या विषयाचा विचार मुख्यतः छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) व मराठवाडा यांच्या संदर्भात केला आहे. ज्या प्रदेशातील भित्तिचित्रांच्या अनुकृती हैदराबाद, मुंबई आणि लंडनपर्यंत पोहोचल्या, त्याच प्रदेशात स्वतःच्या संग्रहालयांकडे लोकांची पावले कशी वळवावी, हा प्रश्न अद्यापि शिल्लक आहे.

पूर्वपीठिका : संग्रहालय सर्वांसाठी असते, ही कल्पना फार जुनी नाही. लंडनचे ब्रिटिश म्यूझीयम १७५९ साली उघडले, तेव्हा ते पाहू इच्छिणाऱ्यास आधी लेखी अर्ज करून प्रवेशपत्र मिळवावे लागे. पॅरिसच्या लूव्ह्र राजवाड्यातील संग्रहालय फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १० ऑगस्ट १७९३ रोजी, खुले झाले. परंतु क्रांतिकालीन दहा दिवसांच्या आठवड्यात सामान्य प्रेक्षकांच्या वाट्याला मोजकेच दिवस येत. उरलेल्यांपैकी बरेचसे दिवस जुन्या चित्रांसमोर बसून त्यांच्या अनुकृती करणाऱ्या चित्रकारांसाठी राखून ठेवलेले असत. याच राजवाड्यात संग्रहालयाच्या कितीतरी आधीपासून ‘सलाँ’ या नावाने ओळखली जाणारी प्रदर्शने भरत आणि १७३७ पासून ती नियमितपणे जनतेला खुली असत. परीक्षकांनी निवडलेली चित्रे पाहण्यास सर्व थरांतील लोक येत, मते मांडीत, भांडतही. १८६३ साली परीक्षकांनी नाकारलेल्या चित्रांचे वेगळे प्रदर्शन तिसऱ्या नेपोलियनच्या आज्ञेने भरवावे लागले. त्याला लोटलेल्या गर्दीतील अनेकजण केवळ हसण्यासाठी आले होते. तरीही आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात ते प्रदर्शन महत्त्वाचे ठरले. लंडनमध्ये १८५७ साली सुरू झालेल्या साउथ केन्सिंग्टन म्यूझीयमने दालनांत गॅसचे दिवे लावून सायंकाळी प्रवेश देण्यास आरंभ केला, तो दिवसभर राबणाऱ्या कामगारांना सवड मिळावी म्हणून. वेळ बदलणे हाही लोकसहभागाचा एक उपक्रमच होय, हे आजच्या संग्रहालयांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

महाराष्ट्रात लोकांनी संग्रहालयाला आपले नाव दिले ते ‘अजबखाना’ किंवा ‘अजबघर’ असे. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय (स्थापना १८६३) आजही लोकांच्या तोंडी ‘अजब बंगला’ म्हणूनच आहे. मुंबईचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझीयम (१८७२, १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) भायखळ्याच्या उद्यानात असल्यामुळे ‘राणीच्या बागे’त प्राणी पाहण्यास आलेली कुटुंबे त्यातही डोकावत. सुशिक्षितांनी या कुतूहलाची पुष्कळदा थट्टा केली आहे. वस्तुतः आश्चर्य वाटणे ही पाहण्याची पहिली पायरी असून तिच्यापुढची पायरी बांधण्याचे काम संग्रहालयाचे आहे.

स्पर्धेची परंपरा येथे निराळ्या वाटेने आली. बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना १८८८ साली झाली आणि तिच्या वार्षिक प्रदर्शनातील पदके ही चित्रकारांच्या प्रतिष्ठेची बाब बनली. म. वि. धुरंधर यांना १८९५ साली आणि अमृता शेरगिल यांना १९३७ साली तिची सुवर्णपदके मिळाली. पुढे महाराष्ट्र शासनाच्या कला संचालनालयातर्फे (स्थापना १९६५) भरणाऱ्या राज्य कला प्रदर्शनानेही हीच परंपरा चालविली. तथापि या सर्व स्पर्धा कलावंतांच्या होत. प्रेक्षक त्यांत निकाल पाहणारा असतो. प्रेक्षकालाच हाती पेन्सिल घ्यावयास लावणारी स्पर्धा ही वेगळी गोष्ट आहे आणि तिचे भारतातील ठळक उदाहरण दिल्लीचे आहे. व्यंगचित्रकार शंकर (केशव शंकर पिळ्ळै) यांनी १९४९ साली मुलांसाठी चित्र व लेखन यांची स्पर्धा सुरू केली आणि लवकरच तिला आंतरराष्ट्रीय स्वरूप आले. या स्पर्धेत पारितोषिक म्हणून देण्यासाठी हंगेरीच्या राजदूताने त्यांच्याकडे एक बाहुली सोपविली. ती त्यांना इतकी भावली, की देशोदेशींच्या बाहुल्या जमविण्याचा छंदच त्यांना जडला आणि १९६५ साली दिल्लीत आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय उभे राहिले. संग्रहालयातून स्पर्धा निघते हे नेहमीचे. स्पर्धेतून संग्रहालय निघाल्याचे हे उदाहरण विरळा होय.

अजिंठ्याच्या अनुकृती : मराठवाड्यात कलाकृतीपुढे बसून ती हाताने उतरवून घेण्याची परंपरा पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस अजिंठ्याची लेणी पडली. चित्रांची स्थिती बिघडत चालल्याचे लक्षात आल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली रॉबर्ट गिल याची त्यांच्या अनुकृती करण्यासाठी नेमणूक केली. गिलने आयुष्याची उमेदीची वर्षे या कामी वेचली. परंतु त्याच्या बहुतेक मोठ्या अनुकृती १८६६ साली लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. त्यानंतर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजी व इतर भारतीय विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात हे काम पुन्हा केले. दुर्दैवाने त्यांपैकीही अनेक अनुकृती १८८५ साली साउथ केन्सिंग्टन येथील आगीत जळाल्या. उरलेल्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझीयममध्ये आहेत. १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम यांनी तिसरा प्रयत्न केला. त्यांच्याबरोबर कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हलदार आणि समरेंद्रनाथ गुप्त हे तरुण चित्रकार आले, तर हैदराबादहून सय्यद अहमद व फजलुद्दीन काझी आले. निजामाच्या राज्यात १९१४ साली गुलाम याझदानी यांच्या नेतृत्वाखाली पुरातत्त्व खाते निघाल्यावर सय्यद अहमद यांच्याकडे लेण्यांच्या अभिरक्षकाचे काम आले आणि त्यांच्या व अन्य चित्रकारांच्या अनुकृती हैदराबादच्या संग्रहालयातील अजिंठा दालनात लागल्या. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हेही चित्रकारांचा संच घेऊन अजिंठ्यास गेले, त्यांनी १९३२ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १९३८ साली औंध येथे संग्रहालय उघडले.

या इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. अनुकृती करताना चित्रकारास एकेका आकृतीपुढे आठवडेच्या आठवडे काढावे लागले. नंदलाल बोसांच्या पिढीने अजिंठा जाणला तो वाचून नव्हे, हाताने. दुसरी गोष्ट अशी, की या अनुकृती मराठवाड्याबाहेर गेल्या. ज्या गावांच्या शिवारात ही लेणी आहेत, तेथील शाळकरी मुलांना त्या पाहावयाच्या तर मुंबई-हैदराबादची वाट धरावी लागे.

मराठवाड्यातील संग्रहालये : या विभागातील जुने संग्रह बऱ्याच अंशी हौशी लोकांनी उभे केले आहेत. तेर (जि. धाराशिव) म्हणजे ग्रीक प्रवासवर्णनात उल्लेखिलेले प्राचीन तगर. तेथील पांढरीच्या टेकाडांतून सापडणाऱ्या मृण्मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी अशा वस्तू गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी चिकाटीने गोळा केल्या. त्यांच्या संग्रहातूनच तेथील शासकीय वस्तुसंग्रहालय आकारास आले आणि ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. या संग्रहातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती विशेष प्रसिद्ध आहे. इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य असल्याने सातवाहनकालीन दख्खन व रोम यांच्या संबंधांच्या अभ्यासात तिचा नेहमी उल्लेख येतो. भोकरदन (जि. जालना) येथे नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी १९७३ च्या सुमारास शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन केले. त्यातही याच घाटाची हस्तिदंती मूर्ती मिळाली. पैठणचे शासकीय संग्रहालयही बाळासाहेब पाटील या संग्राहकाच्या नावाने ओळखले जाते. म्हणजे लोकसहभाग हा शब्द रूढ होण्यापूर्वीच येथील संग्रहालयांचा पाया लोकांनी घातला होता. संग्रह शासनाच्या ताब्यात गेल्यावर वस्तूंना कपाटे व कुलपे मिळाली, संरक्षण मिळाले, हे निःसंशय चांगले झाले. मात्र गावाचा आणि वस्तूंचा रोजचा संबंध त्याबरोबर तुटला.

छत्रपती संभाजीनगर शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे इतिहास वस्तुसंग्रहालय, महानगरपालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तुसंग्रहालय आणि सोनेरी महालातील राज्य शासनाचे प्रादेशिक संग्रहालय ही प्रमुख संग्रहालये आहेत. सोनेरी महाल हा सतराव्या शतकात एका बुंदेला सरदाराने बांधला. त्यातील सोनेरी रंगाच्या चित्रकामावरून त्यास हे नाव पडले. तो विद्यापीठ परिसरालगत, औरंगाबाद लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. वेरूळ-अजिंठ्यास (दोन्ही १९८३ पासून जागतिक वारसास्थळे) जाणारे हजारो प्रवासी शहरात उतरतात, बीबी का मकबरा पाहतात आणि पुढे जातात. त्यामुळे या संग्रहालयांचा खरा प्रेक्षक प्रवासी नसून शहरातील व आसपासच्या तालुक्यांतील रहिवासी आहे. उपक्रमांची आखणी त्याला नजरेपुढे ठेवूनच करावी लागते.

चित्रणस्पर्धा : संग्रहालयातील स्पर्धांपैकी चित्रकला स्पर्धा सर्वांत रूढ आणि सर्वांत वाया जाणारी आहे. आवारात सतरंज्या अंथरून मुलांना ‘माझे आवडते संग्रहालय’ यासारखा विषय दिला जातो. मुले घुमट, झेंडा व सूर्य यांचे पाठ केलेले चित्र काढतात आणि दालनात पाऊलही न टाकता बक्षीस घेऊन घरी जातात. असे चित्र शाळेच्या वर्गातही निघाले असते. याउलट, स्पर्धकाने एकच वस्तू निवडावी आणि तिच्यापुढे बसूनच ती काढावी, असा नियम घातला की स्पर्धेचे रूप पालटते. महाराष्ट्रात यासाठी एक आयती सोय आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षांना राज्यातील असंख्य विद्यार्थी बसतात आणि त्यांत वस्तुचित्र हा विषय असतो. तांब्या, पेला, खोके व कांदे यांची मांडणी काढून हात बसलेल्या मुलास सातवाहनकालीन रांजण किंवा मातीचा दिवा काढण्यास वेगळी तयारी लागत नाही. शहरात शासकीय कला महाविद्यालय असल्याने मार्गदर्शकांचीही वाण पडण्याचे कारण नाही.

अशा स्पर्धेची व्यवस्था करताना काही पथ्ये पाळावी लागतात. पहिल्या भेटीत मुलांच्या हाती कागद देऊ नये. त्यांनी दालने फिरून वस्तू निवडावी एवढेच त्या दिवशीचे काम. दुसऱ्या भेटीत दोन तास चित्रण व्हावे. दालनात केवळ पेन्सिल चालते. शाई, जलरंग व पाण्याची भांडी दाराबाहेर ठेवावी लागतात आणि रंगविण्याचे काम ओसरीवर उरकावे लागते. मूर्तीभोवती दोरी लावून मुलांची बैठक तिच्यापासून हातभर दूर ठेवतात, कारण दगडी मूर्तीलाही वारंवार होणाऱ्या घामट स्पर्शाने इजा पोहोचते. एका दालनात एका वेळी वीसएक मुलांहून अधिक मुले बसवू नयेत. चित्राखाली तीन ओळी लिहून घ्याव्या : वस्तूजवळच्या पाटीवर जे लिहिलेले नाही, पण आपल्याला दिसले, असे काय? एखादे मूल लिहिते, की मूर्तीचा डावा पाय जास्त झिजला आहे. दुसऱ्याच्या लक्षात येते, की रांजणाच्या काठावर कुंभाराच्या बोटाचा ठसा आहे. परीक्षकाने गुण द्यावयाचे ते मुख्यतः या निरीक्षणाला. सफाईला दुय्यम स्थान असावे. निकालानंतर निवडक पाच चित्रे लावण्याऐवजी सर्व चित्रे महिनाभर त्या त्या वस्तूशेजारी लावली, तर चित्र काढणाऱ्याचे आईवडील, आजी-आजोबा आणि शेजारीही येतात. मुलाचे चित्र पाहण्यास आलेली आजी ओघाने रांजणही पाहते आणि असला रांजण आपल्या माहेरी होता, असे सांगू लागते. संग्रहालयाच्या नोंदवहीत ही माहिती टिपून ठेवण्यास कोणीतरी हवे.

अशा चित्रणाचे महत्त्व पश्चिमेकडील मोठ्या संग्रहालयांनाही नव्याने पटू लागले आहे. ॲम्स्टरडॅमच्या राइक्स म्यूझीयमने २०१५ साली प्रेक्षकांना कॅमेरा बाजूस ठेवून चित्र काढण्याचे आवाहन केले आणि त्यासाठी वह्या व पेन्सिली दिल्या. याच संग्रहालयाने आपल्या संग्रहाची उत्तम छायाचित्रे सर्वांना विनामूल्य वापरण्यास दिली असून त्यांवर आधारित नव्या संकल्पनांसाठी २०१४ पासून स्पर्धा घेण्यास प्रारंभ केला. करोना साथीच्या टाळेबंदीत, मार्च २०२० मध्ये, लॉस अँजेल्सच्या गेटी म्यूझीयमने घरातील साध्या वस्तू वापरून प्रसिद्ध चित्रांची हुबेहूब दृश्ये उभारण्याचे आव्हान लोकांना दिले. चादर, ताटल्या आणि पाळीव प्राणी घेऊन हजारो लोकांनी ते स्वीकारले. वरवर हा पोरखेळ दिसतो. परंतु चित्रातील हाताची ठेवण आणि उजेडाची दिशा नीट पाहिल्याखेरीज तो जमत नाही.

संकल्पस्पर्धा : मराठवाड्यात आणखी एका स्पर्धेला मोठा वाव आहे. पैठणच्या पैठणीचे पदर व काठ आणि औरंगाबादी हिमरूची वेलबुट्टी यांचे नाते लेण्यांतील छतांवरील कमळे, हंस व वेली यांच्याशी जोडले जाते. हिमरू हे सूत व रेशीम यांचे वस्त्र. त्याचे हातमागावरील विणकर आता फार थोडे उरले आहेत आणि जुनी नक्षी त्यांच्याबरोबर लोपण्याची भीती आहे. संग्रहालयातील वस्त्रे, भांडी व शिल्पपट्ट यांवरून नवी नक्षी तयार करण्याची स्पर्धा घेऊन परीक्षक म्हणून विणकरांनाच बोलाविले, तर कागदावर सुंदर दिसणारी कोणती रेघ मागावर उतरते आणि कोणती उतरत नाही, हे स्पर्धकांना तेथल्या तेथे कळते. निवडलेली नक्षी प्रत्यक्ष विणून घेणे हेच तिचे पारितोषिक ठरावे. रोख रकमेपेक्षा हे खर्चिक आहे, पण त्यातून विणकराला काम मिळते.

रांगोळी, निबंध, वक्तृत्व व प्रश्नमंजूषा या स्पर्धाही होत असतात. प्रश्नमंजूषा शक्यतो दालनातच घ्यावी आणि तिची उत्तरे वस्तू पाहूनच मिळतील अशी असावीत; सनावळीचे प्रश्न पुस्तकासाठी सोडून द्यावेत.

समारोह : मोठे महोत्सव हा लोकसहभागाचा सर्वांत डोळ्यांत भरणारा प्रकार होय. मुंबईत १९९९ पासून काळा घोडा परिसरात कला महोत्सव भरू लागला आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय (पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझीयम, १९२२) व जहांगीर कलादालन (१९५२) यांच्या अंगणात लोकांची रीघ लागू लागली. मराठवाड्यात महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या पुढाकाराने सुरू झालेला वेरूळ महोत्सव आरंभी कैलास लेण्याच्या सान्निध्यात होत असे. पुढे तो सोनेरी महालाच्या प्रांगणात आला. सुमारे सात वर्षांच्या खंडानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये तो पुन्हा भरला. नामवंत गायक, वादक व नर्तक यांची कला ऐकण्या-पाहण्यासाठी त्याला मोठी गर्दी होते. अशा कार्यक्रमात महालाची दर्शनी बाजू उजळून निघते. महालातील संग्रह मात्र त्या कार्यक्रमाचा विषय नसतो. रसिक संगीत ऐकून घरी जातो आणि आपण एका संग्रहालयाच्या अंगणात बसलो होतो, हे त्याला ठाऊकही नसण्याचा संभव असतो. वास्तविक येथे जोडणी करण्यास साधन अगदी हाताशी आहे. महालामागील डोंगरात औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या लेण्यात मध्यभागी नर्तकी आणि तिच्या दोन्ही बाजूंस वादक स्त्रिया असा एक अप्रतिम शिल्पपट्ट आहे. सायंकाळी ज्यांचे नृत्य व्हावयाचे, त्या कलावंताने सकाळी या पट्टापुढे चाळीस-पन्नास श्रोत्यांना त्या मुद्रेचा व वाद्यांचा उलगडा करून दाखविला, तर महोत्सव आणि स्थळ यांचा सांधा जुळेल. शहरातील महागामी या संस्थेतर्फे होणारा शार्ङ्गदेव समारोह या दृष्टीने उल्लेखनीय आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात संगीतरत्नाकर हा ग्रंथ रचणाऱ्या शार्ङ्गदेवाच्या नावे भरणाऱ्या या समारोहात सादरीकरणाला चर्चेची व विवेचनाची जोड दिलेली असते.

जतन आणि गर्दी : लोकसहभागाला एक मर्यादा आहे आणि ती अजिंठ्याइतकी स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसते. लेण्यात शिरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या श्वासातून बाष्प व कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो, अंगाची ऊब हवेत मिसळते, पायांबरोबर धूळ येते. मातीच्या गिलाव्यावरील चित्रांना हे सारे घातक आहे. म्हणून चित्रित लेण्यांत एका वेळी मर्यादित प्रेक्षकांना सोडण्यात येते, झगझगीत प्रकाशाच्या छायाचित्रणास बंदी आहे आणि खासगी वाहने फर्दापूर फाट्याजवळच, सुमारे ४ किमी. अलीकडे, थांबविली जातात. संग्रहालयांतही रंगीत वस्त्रे व जलरंगचित्रे यांवर सुमारे ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू नये, असा सर्वमान्य संकेत आहे. उद्घाटनप्रसंगी दूरचित्रवाणीचे प्रखर दिवे जुन्या पैठणीवर रोखणारे संयोजक, चार मिनिटांच्या प्रसिद्धीसाठी तिचे आयुष्य कमी करीत असतात.

यावरचा एक उपाय म्हणजे प्रतिकृती. जपानच्या कर्जसाहाय्याने अजिंठा व वेरूळ येथे अभ्यागत केंद्रे बांधण्यात आली. अजिंठ्याच्या केंद्रात १, २, १६ व १७ या क्रमांकांच्या लेण्यांच्या मोठ्या प्रतिकृती आहेत. २०१३ साली सुरू झालेली ही केंद्रे काही वर्षांतच पाणी व विजेच्या थकबाकीपायी बंद पडली. बांधकामासाठी कर्ज मिळते. दिवा तेवत ठेवण्यासाठी तेल मात्र दरमहा घालावे लागते, हे अशा प्रकल्पांच्या आखणीत सहसा विसरले जाते. लहान प्रमाणावरचे प्रयोग अधिक टिकाऊ ठरले आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ साली ‘अनुभव’ ही स्पर्शवीथी उघडली. तेथे दृष्टिहीन प्रेक्षकांना निवडक वस्तूंच्या प्रतिकृती हाताने चाचपून पाहता येतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने त्याच वर्षी बसमधील फिरते संग्रहालय सुरू केले आणि ते गावोगावच्या शाळांपर्यंत पोहोचले. २०१९ साली त्याच्या आवारात मुलांचे स्वतंत्र संग्रहालय निघाले. तेरची हस्तिदंती मूर्ती पेटीबाहेर काढता येत नाही. तिची उत्तम प्रतिकृती मात्र शाळेच्या वर्गात हातोहात फिरू शकते आणि पाँपेईच्या मूर्तीचे छायाचित्र शेजारी ठेवून दोहोंतील फरक शोधण्याची स्पर्धा दहा वर्षांच्या मुलांतही लागू शकते.

‘घरातील जुनी वस्तू घेऊन या’ हा उपक्रम मराठवाड्याच्या परंपरेशी सर्वांत जवळचा आहे, कारण तेर व पैठण येथील संग्रहांचा उगम तशाच हौसेत आहे. ठरलेल्या दिवशी लोकांनी आपल्या घरची नाणी, पोथ्या, भांडी, अडकित्ते, वस्त्रे आणावी, अभिरक्षकाने ती पाहून त्यांचा काळ व उपयोग सांगावा, छायाचित्र व माहिती टिपून वस्तू ज्याची त्याला परत करावी, असे त्याचे स्वरूप असते. यात कायद्याचे भान ठेवणे अगत्याचे आहे. जमिनीत सापडलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे निधान १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते. तर १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुन्या (हस्तलिखितांच्या बाबतीत पंचाहत्तर वर्षांहून जुन्या) वस्तू पुरावशेष ठरतात आणि त्यांपैकी अधिसूचित प्रकारच्या वस्तूंची नोंदणी बंधनकारक असते. कायद्याच्या धास्तीने लोक वस्तू लपवितात किंवा मोडीत घालतात, असा अनुभव पुष्कळांचा आहे. म्हणून उपक्रमाच्या दिवशी नोंदणी अधिकाऱ्यास बोलावून अर्ज तेथेच भरून घेणे आणि नोंदणी म्हणजे जप्ती नव्हे, वस्तू मालकाकडेच राहते, हे दाराशी ठळक अक्षरांत लिहून ठेवणे हितावह ठरते.